वर्णाचा रकाना

तुमच्या घरातल्या मुलीचा रंग तुम्ही कागदावर लिहिलात, तेव्हा तो तिला विचारून लिहिला होता का? उत्तर द्यायची घाई करू नका. मी स्वतः विचारलं नव्हतं. सावळ्या पोरींना कागदावर गोरं करणाऱ्या आईबापांचा मला भयंकर राग यायचा, त्यांच्यावर मी वहीत पानंच्या पानं लिहायचे, आणि माझ्या हातात छापखान्याचे खिळे आले त्या दिवशी मीही विचारलं नाही. ती हकिकत आज सांगायला बसले आहे. मोठ्या सुटकेत संपली म्हणून सांगता तरी येते.

अमळनेरला आमचा छापखाना घराच्या पुढच्या खोलीतच होता. मागे चूल, मध्ये दिवाण आणि पुढे पायाने मारायचं ट्रेडल मशीन. आबा, म्हणजे माझे वडील, मशीनवर उभे राहिले की खडाक्-धप्, खडाक्-धप् असा आवाज घरभर चालायचा आणि माय त्याच तालावर भाकऱ्या थापायची. मशीन थांबलं की तीही क्षणभर थांबायची आणि आतून विचारायची, "काय व्हयनं?" लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका हे पोटापाण्याचं काम. पण आबांचा जीव पत्रकांत. गिरणीचा संप असो, धरणाखाली जमीन गेलेल्यांचा मोर्चा असो, हुंडाविरोधी सभा असो, खानदेशातलं पत्रक आमच्याकडेच छापलं जायचं. उरलेली पत्रकं घरात सगळ्या कामाला. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला संपाच्या पत्रकाचं कव्हर होतं, फडताळात डब्यांखाली मोर्चाच्या मागण्या अंथरलेल्या होत्या. मी वाचायला शिकले ती खिळ्यांवर, म्हणजे उलट्या अक्षरांवर. सुलटं वाचणं शाळेत गेल्यावर आलं. दहाव्या वर्षी मी 'निषेध' हा शब्द न बघता जुळवू शकायचे. पंधराव्या वर्षापासून स्वतः पत्रकं लिहू लागले, आणि माझं जग दोनच भागांत वाटलेलं होतं, जाहीर निषेध आणि जाहीर पाठिंबा.

छापखान्याचा एक नियम होता आणि तो आबा कधी मोडू देत नसत. छापण्याआधी प्रूफ ज्याचं त्याला दाखवायचं. त्याने वाचायचं, खाली 'छापायला हरकत नाही' असं लिहून सही करायची, मगच मशीनला पाय लावायचा. माणसाला लिहितावाचता येत नसेल तर आबा त्याला समोर बसवून सगळा मजकूर वाचून दाखवत आणि अंगठा घेत. कुणी कंटाळून म्हणालं, "आबा, तुमच्यावर भरवसा आहे, छापून टाका," तर ते म्हणायचे, "नाव तुझं, मग डोळा तुझा. माझा भरवसा काय कामाचा?"

माझी मोठी बहीण सुमन, तिला मी अक्का म्हणते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, डी.एड. झालेली, गणितात हुशार, हसली की गालाला खळी, आणि रंगाने काळी. सावळी, निमगोरी असे आडवळणाचे शब्द मी इथे वापरणार नाही, का ते पुढे कळेलच. तिला बघायला पाच वेळा माणसं येऊन गेली होती. पहिल्या नकारानंतर मायने पुढच्या खोलीत ट्यूबलाइट बसवून घेतली आणि तिच्याखालच्या भिंतीला पिस्ता रंग दिला. कुणी सांगितलं होतं की त्या उजेडात त्या भिंतीसमोर बसलं की रंग उजळ दिसतो. पाहुणे भर दुपारी आले तरी माय खिडक्या लावून ट्यूबलाइट लावायची. अक्का त्या भिंतीला टेकून बसायची आणि पाहुणे शेवभाजी ओरपत तिच्याकडे बघायचे. फोटो स्टुडिओत तर पेन्सिलने निगेटिव्हवर काम करून तिला अशी गोरी केली होती की आबा फोटो बघून म्हणाले, "हिला ओळखपत्रावर लावू नका, पोलीस धरतील." अक्का या सगळ्यावर विनोद करायची. एकदा थंडीत माय कळण्याची भाकरी करत होती. ज्वारी आणि सालाचे उडीद दळून केलेली ती भाकरी, रंगाने काळपट. वर मिरचीचा ठेचा, बाजूला कच्चं तेल. पाचव्या नकाराचं पत्र त्याच दिवशी आलेलं. अक्काने भाकरी मोडून तोंडात घातली आणि म्हणाली, "माय, कळण्याची भाकरी सगळ्यांना चालते. कळण्याच्या रंगाची पोरगी तेवढी चालत नाही." आम्ही सगळे हसलो. एकटी माय हसली नाही, ती तव्याकडे बघत राहिली.

गल्लीतला पहिला टीव्ही शेजारच्या शकीलाभाभींकडे आला. आम्ही सगळ्या पोरीबाळी, म्हाताऱ्या त्यांच्या ओट्यापर्यंत दाटीवाटीने बसायचो. एका संध्याकाळी परदेशातल्या धावण्याच्या शर्यती दाखवत होते आणि बायकांच्या शर्यतीत रांगेत बहुतेक सगळ्या काळ्या मुली. अमेरिकेतल्या, तिच्याजवळच्या बेटांवरच्या. कोपऱ्यातली एक म्हातारी ओरडली, "कायी शे, पन काय पयी ऱ्हायनी वं माय!" काळी आहे, पण काय पळतेय बाई. त्यातला 'पण' मला लगेच टोचला. जी जिंकली तिची नखं लांब, रंगवलेली, केस मोकळे, अंग घामाने चमकणारं. तिने तोंड पुसलं नाही की मान खाली घातली नाही. सरळ कॅमेऱ्यात बघून हसली, जणू तो तिच्यासाठीच तिथे आणून ठेवला होता. शकीलाभाभी कौतुकाने म्हणाल्या, "देख सुमन, बिलकुल तेरे जैसी है." आणि मग त्यांनाच वाटलं की आपण काहीतरी लागेल असं बोललो, त्यांनी जीभ चावली. अक्का म्हणाली, "माझ्यासारखी कुठे भाभी, ती जिंकली ना." पण घरी आल्यावर तिने कोपऱ्यातल्या आरशासमोर केस मोकळे सोडले आणि पाच-सहा मिनिटं तशीच उभी राहिली. मी ते पाहिलं. तिला वाटलं पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात विजूताई एक हस्तलिखित घेऊन आल्या. विजूताई धुळ्याच्या कॉलेजात शिकवायच्या आणि बायकांची एक छोटी संघटना चालवायच्या. त्यांनी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या लिहिण्याबोलण्यावरून आठ पानांची पुस्तिका मराठीत तयार केली होती. ती मी एकटीने कंपोझ केली. त्यात होतं की तिकडच्या मुली लोखंडी कंगवा चुलीवर तापवून कुरळे केस सरळ करतात, कान भाजतात, घरभर जळक्या केसांचा वास सुटतो, कारण सरळ केसांशिवाय नोकरी नाही, नवरा नाही, सिनेमात काम नाही. आणि मग काही बायकांनी तो कंगवा टाकला, केस आले तसे डोक्यावर वाढवले, तशाच गायल्या, तशाच मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकल्या, आणि गावोगावच्या पोरी आरशात स्वतःकडे निराळ्या नजरेने बघू लागल्या. पुढे त्याहून अवघड गोष्ट होती. गोऱ्या बायकांच्या चळवळीत या बायकांच्या वतीने गोऱ्या बायका बोलत होत्या आणि काळ्यांच्या चळवळीत त्यांच्या वतीने काळे पुरुष. शेवटच्या पानावर त्यांचं म्हणणं मोठ्या टायपात घ्यायला विजूताईंनी सांगितलं होतं. आमच्या भल्यासाठीसुद्धा आमच्या वतीने बोलू नका, आधी आम्हाला विचारा, असा त्याचा अर्थ. मी तो मजकूर अठरा पॉइंटात जुळवला. फार सुंदर बसला होता.

पुस्तिकेच्या घड्या घालायला आम्ही सगळ्या बसलो तेव्हा विजूताईंनी टेपरेकॉर्डर लावला. एका काळ्या बाईचं गाणं होतं, शब्द एकही कळत नव्हता. जाड, खरबरीत आवाज, एक ओळ लांबवत नेऊन मध्येच खाली सोडून द्यायचा. माय घड्या घालता घालता थबकली आणि म्हणाली, "हाई बाई बी दयाले बठेल शे का?" ही बाईपण दळायला बसली आहे का, असं. विजूताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच समजा माय, हिची आजी दुसऱ्याच्या शेतात कापूसच वेचत होती." माय म्हणाली, "मंग बराबर," आणि पुन्हा घड्या घालू लागली. कापूस म्हटल्यावर तिला आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्या समाजाचा वधूवर मेळावा धुळ्याला भरणार होता आणि त्याची परिचय पुस्तिका छापायचं काम आमच्याकडे आलं. समितीचे प्रमुख भास्करनाना, मोठा आवाज, मोठा फेटा, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. पुस्तिकेत फोटो नव्हते, नुसते रकाने. मुलांसाठी नाव, शिक्षण, नोकरी, शेती, अपेक्षा. मुलींसाठी नाव, शिक्षण, उंची, वर्ण, अपेक्षा. मुलांना वर्णाचा रकानाच नव्हता. मी नानांना विचारलं, "पोरांचा रंग कुठे लिहायचा?" ते म्हणाले, "पोरांना काय करायचाय रंग? तू खिळे जुळव." मुलींचे फॉर्म मी एकेक करून वाचले. गोरा, निमगोरा, गव्हाळ, गोरा, निमगोरा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात शेतात राबणाऱ्या घरांतल्या त्या पोरी, आणि अख्ख्या गठ्ठ्यात एकही काळी नव्हती. आमच्या अक्काचा फॉर्म मायने सांगून भरून घेतलेला, वर्ण निमगोरा.

या मेळाव्यात अक्काला एक स्थळ मनापासून हवं होतं, आणि ते तिने स्वतः शोधलं होतं. मुलांची पानं वाचताना तिला पिंपळनेरच्या एका शिक्षकाचा फॉर्म दिसला. बाकीच्यांनी अपेक्षेत 'गोरी, सुंदर, गृहकृत्यदक्ष' लिहिलेलं. याने एवढंच लिहिलं होतं: 'पत्नीने नोकरी करावी.' अक्काने मला तो फॉर्म दाखवला आणि म्हणाली, "बघ, 'चालेल' नाही लिहिलं. 'करावी' लिहिलंय." तिने मायला सांगून त्यांच्याकडे निरोप पाठवला होता. त्या शिक्षकाची आई मेळाव्यात तिला बघणार होती. हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही.

आबा कागद आणायला जळगावला गेले होते. जाताना म्हणाले, "पोरींच्या पानांचं प्रूफ तू बघ, ज्यांना दाखवता येईल त्यांना दाखव." बाहेरगावच्या मुलींना कुठून दाखवणार, म्हणून त्यांच्या वतीने नाना सही करणार होते. नानांनी प्रूफ घेतलं, समितीच्या पानावर स्वतःचं नाव सगळ्यांत वर आहे ना एवढं बघितलं आणि सही ठोकली. त्यानंतर मी अक्काच्या ओळीतले 'निमगोरा'चे खिळे काढले आणि तिथे 'काळा' जुळवला.  मला वाटलं, त्या तापलेला कंगवा फेकणाऱ्या बायकांच्या रांगेत मी जाऊन उभी राहिले. अक्का मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. सात पावलं चालून प्रूफ तिला दाखवता आलं असतं. मी दाखवलं नाही. ती 'नको' म्हणेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच दाखवलं नाही. आबा परतले, प्रूफावर नानांची सही बघितली आणि पानं छापून टाकली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही तिघी धुळ्याला गेलो. आबा छापखाना सोडून आले नाहीत. मायने डब्यात पुऱ्या आणि कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत घेतलं होतं, त्याचा धुरकट वास सगळ्या गाडीत. कार्यालयाच्या दारातच प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली जात होती. मायला वाचायला वेळ लागायचा, ती बोट ठेवून अक्काचं नाव शोधत होती. तिचं बोट थांबलं. "हाई कोन लिखं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "मी." माझं भाषण डोक्यात तयार होतं, पण माय ओरडलीच नाही. ती खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हळू म्हणाली, "वाटोयं करं तू मनी पोरनं." माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, असं. अक्काने तिच्या हातातली पुस्तिका घेतली. ओळ वाचली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुस्तिकेची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि समोर स्टेजकडे बघत बसली. त्या अर्ध्या-पाऊण तासात मला पहिल्यांदा कळलं की मी काय केलंय. माझ्या पत्रकाची किंमत अक्का भरणार होती, आणि तिला ते आधी सांगण्याइतकंही धैर्य मला झालं नव्हतं.

भास्करनाना माईकवरून नावं पुकारत होते. मुलगी स्टेजवर जायची, नाना तिची माहिती वाचायचे, ती मान खाली घालून नमस्कार करायची, उतरायची. अक्काचा नंबर आला. नानांनी नाव वाचलं, शिक्षण वाचलं, उंची वाचली, "वर्ण..." म्हणाले आणि अडकले. चष्मा सारखा केला. "छापखान्याची चूक झालेली दिसते," ते म्हणाले, "निमगोरा." खाली कुणीतरी फिस्सकन हसलं, कारण अक्का तर सगळ्यांच्या समोरच उभी होती. तेव्हा अक्काने हात पुढे करून माईक घेतला. नानांनी तो कसा सोडला हे त्यांनाही कळलं नसेल.

"थांबा नाना," ती म्हणाली. आवाज किंचित कापत होता, वर्गात पहिलाच पाठ घेताना कापावा तसा. "चूक छापखान्याची आहे, पण ती शब्दात नाही. मला न विचारता छापलं, ही चूक. शब्द बरोबर आहे." ती खालच्या खुर्च्यांकडे वळली. "माझं नाव सुमन. डी.एड. झालंय, नोकरी करणार आहे. रंग काळा. ज्यांना उजळ बघायची असेल त्यांनी अमळनेरला आमच्या घरी या, तिथे खास त्यासाठी ट्यूबलाइट बसवलेली आहे."

आधी बायकांच्या बाजूने हशा उठला. तो कुचका हशा नव्हता. त्यातल्या कितीजणींच्या घरी तशी ट्यूबलाइट असेल कोण जाणे. एक जाडजूड बाई मोठ्याने म्हणाली, "खरं बोलनी पोर!" नाना घाम पुसत पुढचं नाव शोधू लागले. पुढची मुलगी आली, तिचं सगळं वाचून झाल्यावर तिने नानांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि नाना वैतागून माईकवर म्हणाले, "दुरुस्ती. वर्ण सावळा." आणखी दोघींनी तसंच केलं. सगळ्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वर्षं भाषणांत मी 'सगळ्यांनी' म्हणत आले. तिघी होत्या.

जेवणाच्या वेळी पाण्याच्या पिंपाजवळ एक म्हातारी अक्काचा दंड धरून उभी राहिली. पिंपळनेरच्या शिक्षकाची आई. अक्काचा चेहरा अगदी जवळ घेऊन डोळे बारीक करून बघू लागली. मायने डोळे मिटून घेतले. म्हातारी म्हणाली, "मना डोयामा मोतीबिंदू शे. माले बठ्ठ्या पोरी सारख्याच दिसतस. नोकरी करशी ना?"

"करसू," अक्का म्हणाली.

"मंग मना पोऱ्याले धाडस अमळनेरले. तोच दखी तुले," म्हातारी म्हणाली. मुलाला पाठवते, तोच तुला बघेल, एवढं सांगून ती लाडू संपायच्या आत पंगतीत जाऊन बसली.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी झोपली. मावळतीचं ऊन कापसाच्या शेतांवर तिरपं पडलं होतं.  अमळनेर जवळ आलं तेव्हा अक्का म्हणाली, "मंगे, चार वेळा त्या भिंतीला टेकून बसले मी. प्रत्येक वेळी वाटायचं, आता यांना कळेल, आता कळेल. चहा घेऊन जाताना पोटात गोळा यायचा. आज माईकवर मीच सांगितलं आणि तो गोळा गेला. आता कुणाला काही कळायचं राहिलंच नाही." तिने मोठा श्वास सोडला. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "म्हणजे मी केलं ते बरोबर..."

"गप. तू मला विचारलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस."

"मग ते माझं उत्तर होतं. ते तू मला न देता स्वतःच्या खिशात घालून ठेवलंस." ती माझ्याकडे वळली. "विजूताईंच्या पुस्तिकेतलं शेवटचं पान कुणी जुळवलं होतं?"

"मी."

"वाचलं होतंस?"

"उलटं," मी म्हटलं.

अक्का हसू दाबायला लागली. तिचं हसू दाबलं जात नाही, खळी आधी पडते. मग तिने डबा उघडून उरलेलं भरीत दोन पुऱ्यांत भरलं आणि एक माझ्या हातात दिली. त्या गार पुरीची चव मला अजून आठवते. माफ झालंय हे कळल्यावर जेवणाला जी चव येते ती.

घरी आबांना सगळं कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "शब्द मागे घ्यायचा नाही. पण प्रूफ न दाखवता छापलंस, ते पुन्हा झालं तर खिळ्यांच्या पेटीला हात लावायचा नाही." मायने दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट काढून स्वयंपाकघरात लावून घेतली. चुलीजवळ फार अंधार होता, इतकी वर्षं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पिंपळनेरचे शिक्षक आले ते भर दुपारी, उघड्या खिडकीच्या उजेडात अक्काशी तासभर शाळेबद्दलच बोलत बसले. लग्न झालं. अक्काने त्या भागातल्या शाळांत आयुष्यभर गणित शिकवलं.

लग्न जमलं म्हणून मी बरोबर होते, असं आता मी म्हणत नाही. ते मोडलं असतं तरी अक्काच्या पोटातला गोळा गेलाच असता, आणि मी तरीही चुकलेलेच असते. दूरच्या देशातल्या काळ्या बायकांचं म्हणणं मोठ्या टायपात जुळवणं मला सोपं गेलं. तेच म्हणणं सात पावलांवरच्या बहिणीच्या बाबतीत पाळायला बराच काळ लागला.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ते पिंपळनेरला अक्काकडे पाठवलं. आठ दिवसांनी लाल शाईच्या खुणांसह परत आलं. एका ठिकाणी मी 'बिचारी अक्का' लिहिलं होतं, ते तिने काट मारून काढलं. आरशाच्या प्रसंगाशेजारी लिहिलं, 'मला माहीत होतं तू बघतेयस.' आणि शेवटी आबांच्या वळणाच्या अक्षरात, 'छापायला हरकत नाही', खाली तिची सही.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत कुठेतरी आज एखाद्या मुलीचा बायोडाटा तयार होत असेल. तो छापायच्या आधी तिच्यासमोर ठेवा आणि पेन तिच्या हातात द्या. वर्णाच्या रकान्यात ती जे लिहील ते तसंच राहू द्या. तिने रकानाच खोडला, तर खोडलेला छापा.